मदत हवी आहे: मोबाइल होम पार्कची जमीन रहिवाशांनी मिळून विकत घ्यायची आहे, मॅसॅच्युसेट्स

पाऊलवाट:
कारखान्यात बांधून जागेवर आणून ठेवलेल्या ६० घरांचं पार्क. घरं रहिवाशांची, खालची जमीन मालकाची. जागाभाडं महिना ५२० डॉलर. बाहेरच्या गुंतवणूकदाराने ४२ लाख डॉलर देऊ केलेत, आणि त्याची मालकाकडून आलेली नोटीस हातात पडून ९ दिवस झालेत. ५६ घरांत घराचे मालक स्वतः राहतात. ४ घरं पार्कमालकाचीच, भाडेकरूंना दिलेली. रहिवाशांना सहकारी संस्था काढून पार्क घ्यायचं आहे. वेळ किती आहे? भाडं कुठवर जाईल? आधी काय तपासायचं?

उंबरठा:
वेळेचं आधी. राज्याच्या कायद्यात, प्रकरण १४० कलम ३२आर, रहिवाशांना खरेदीचा पहिला हक्क आहे. नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत संघटनेने खरेदी कराराचा मसुदा मालकाला द्यायचा. करारावर सह्या झाल्या की कर्जाच्या पक्क्या मंजुरीला ९० दिवस, त्यापुढे व्यवहार पुरा करायला आणखी ९० दिवस. तुमचे ३६ उरलेत, आणि हा पहिला टप्पाच सगळ्यात जास्त वेळा हुकतो.

त्यासाठी ५१ टक्के घरमालकांची संमती लागते, आणि ती तिथे राहणाऱ्या घरमालकांची. पार्कमालकाच्या ४ घरांतले भाडेकरू यात धरू नका. ५६ चे ५१ टक्के म्हणजे २९. पण २९ वर थांबू नका, ४० गाठा. एका घरात दोघं मालक असतील तर दोघांच्या सह्या घ्या, पण मोजा एकच घर. नाव घराच्या कागदावर आहे तसंच लिहा, तारीख घाला. पुढे आक्षेप निघतो तो याच कागदांवर.

आणखी एक: तुमचा मसुदा त्रयस्थाच्या अटींशी जवळजवळ जुळता हवा, त्यामुळे किमतीत घासाघीस होत नाही. मात्र त्याच्या करारात तपासणीची अट असेल तर तीही जशीच्या तशी उचला. इसार किती ठरलाय तेही बघा, कारण तेवढी रक्कम उभी करावी लागेल. वकील आजच गाठा.

जमाखर्च:
भाड्याचं गणित. ४२ लाख, ३० वर्षं, समजा साडेसहा टक्के: हप्ता महिना सुमारे २६,५५०, म्हणजे घरटी ४४२. पालिकेचा कर, विमा, पाणी, कचरा, बर्फ काढणं असं १७५ धरा. राखीव निधी ४५. झाले ६६२. दोन-तीन टक्के थकबाकी आणि रिकाम्या जागा धरल्या की ६८०. म्हणजे ५२० वरून १६० ची वाढ. हा आकडा पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा. नंतर कळला तर लोक बिथरतात आणि संमती मागे घेतात. राखीव निधी कापून भाडं कमी दाखवायचा मोह होईल. तो टाळाच, पहिली जलवाहिनी फुटली की त्याचंच ओझं होतं.

पाऊलवाट:
ज्यांना सभासद व्हायचं नाही त्यांचं काय? घर जातं का?

उंबरठा:
नाही. ते भाडेकरू म्हणून राहतात, फक्त जागाभाडं सभासदांपेक्षा जास्त ठेवता येतं. सभासदाचा संस्थेत एक भाग (शेअर), एका घराला एक मत. सोडून जाताना भागाची रक्कम तेवढीच परत, घर मात्र बाजारभावाने विकता येतं. आपल्याकडे सोसायटी म्हटलं की फ्लॅटची इमारत आठवते. इथे घर आधीच ज्याचं त्याचं, संस्था जमिनीची, रस्त्यांची आणि नळांची.

ओलावा:
आणि त्या नळांवरच व्यवहार बुडतो. १५ जोडण्या किंवा २५ माणसं असली की स्वतःच्या विहिरीचं पाणी सार्वजनिक पुरवठा ठरतं. खरेदीनंतर पुरवठा चालवायला परवानाधारक माणूस नेमणं आणि नमुने तपासणं संस्थेच्या माथी. मलनिस्सारण सेप्टिकवर असेल तर टायटल फाइव्हची, म्हणजे राज्याच्या सेप्टिक नियमांची, तपासणी लागते. दिवसाचा प्रवाह १०,००० गॅलनवर गेला तर भूजल विसर्गाचा, म्हणजे सांडपाणी जमिनीत सोडायचा, वेगळा परवाना, आणि तो नसेल तर दुरुस्तीचा आकडा खरेदीलाच गिळून टाकतो. मलवाहिन्यांत कॅमेरा सोडून चित्रण घ्या. जुन्या पार्कांत मातीचे नळ असतात, सांध्यांतून मुळं शिरलेली. करड्या पॉलिब्युटिलीनच्या (तडकणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या) जलवाहिन्या दिसल्या तर त्या बदलायचा खर्च कर्जातच मागा. घरांमागच्या रॉकेलच्या टाक्यांखालची माती बघा, सीमांची मोजणी करून घ्या. दोन घरं शेजारच्या जमिनीत सरकलेली निघणं अगदी नेहमीचं.

उंबरठा:
हे सगळं एकट्याने ओढू नका. नॉर्थॅम्प्टनची को-ऑपरेटिव्ह डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट हेच काम करते, ती आरओसी यूएसए या, रहिवाशांना पार्क विकत घ्यायला मदत करणाऱ्या देशव्यापी संस्थेच्या जाळ्यातली आहे. उपविधींचे नमुने, कर्जदाते, तपासणीसांची नावं तिथे मिळतात. शेजारच्या न्यू हॅम्पशायरात मेरेडिथच्या १३ कुटुंबांनी १९८४ साली आपलं पार्क असंच घेतलं; तुम्ही तर ५६ आहात. उद्या फोन करताना नोटिशीची प्रत, ती मिळाल्याची तारीख आणि घरांची यादी हाताशी ठेवा.