मेथाडोनवर राज्यांनी किती बंधनं घालावीत?

मेघना (फार्मसिस्ट, ओहायो)
अमेरिकेत दुखण्यावर मेथाडोनची चिठ्ठी आली तर मी ते काउंटरवरून देते. तेच औषध हेरॉइन किंवा फेंटानिल (हेरॉइनहूनही कितीतरी तीव्र अमली पदार्थ) यांच्या व्यसनावर हवं असेल, तर परवाना असलेल्या केंद्रातच जाऊन डोस घ्यावा लागतो. 2024 मध्ये केंद्र सरकारने नियम सैल केले. उपचाराला महिना झाला की डॉक्टर 28 दिवसांपर्यंतचे डोस घरी देऊ शकतात. पण राज्यांना याहून कडक नियम ठेवायची मुभा आहे. वेस्ट व्हर्जिनियात 2007 पासून नवं मेथाडोन केंद्र काढायलाच बंदी आहे. त्याच राज्यात 2021 साली ओव्हरडोसने लाखामागे सुमारे 90 माणसं गेली, देशात सर्वांत जास्त. मृत्यू तिथे सर्वाधिक आणि दार बंद औषधाचं, हे मला पटत नाही.

सुधीर (वेस्ट व्हर्जिनिया)
मेघनाताई, मी याच राज्यात राहतो. इथल्या केर्मिट गावची वस्ती जेमतेम 400. तिथल्या औषधाच्या एका दुकानात दोन वर्षांत सुमारे 90 लाख, व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आल्या. त्याही औषध म्हणूनच आल्या, परवान्यासकट. त्यानंतर लोकांनी कुणावर विश्वास ठेवायचा? शिवाय मेथाडोन अंगात दिवसभराहून जास्त टिकतं. मोठ्या माणसाचा एक डोस लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

मेघना
मुलांची भीती खरीच आहे, सुधीरदादा. म्हणून तर बाटल्या कुलूपबंद पेटीत ठेवायला सांगतात. पण केर्मिटच्या गोळ्यांवर कुणाचं लक्षच नव्हतं. इथे नर्ससमोर डोस प्यायचा, मग दोन शब्द बोलून दाखवायचे, म्हणजे तोंडात धरून बाहेर नेला नाही हे कळतं. वर्षातून किमान आठ वेळा अचानक तपासणी होते. आणि कोविडमध्ये, मार्च 2020 पासून घरी डोस देण्याची सूट मिळाली, तेव्हाचे आकडे बघा. ओव्हरडोसच्या मृत्यूंपैकी मेथाडोन आढळलेल्यांचं प्रमाण 2019 मध्ये 4.5 टक्के होतं, 2021 मध्ये 3.2 टक्क्यांवर आलं.

अनघा (समुपदेशक, न्यू जर्सी)
टक्का उतरला तो फेंटानिलचे बळी वाढल्यामुळेही, एवढं लक्षात ठेवा. तरी मी मेघनाच्या बाजूची. पहाटे रांगेत उभं राहून, डोस घेऊन सात वाजता कामावर पोचणारी माणसं मी रोज बघते. गाडी बंद पडली की डोस चुकतो आणि संध्याकाळपर्यंत अंग मोडून येतं. काही राज्यं समुपदेशनाचे तास सक्तीचे करतात. माझं पोट त्यावरच चालतं, तरी सांगते, बसायची इच्छा नाही म्हणून कुणाचं औषध अडवू नये. केंद्र सरकारच्या नव्या नियमातही तसंच आहे.

सुधीर
समुपदेशनाचं मान्य. नवी केंद्रं उघडावीत, हेही मान्य. दोन-दोन तास गाडी हाकायला लावणं अन्यायच आहे. पण घरात लहान मूल असेल तर एकदम 28 बाटल्या देऊ नयेत, आठवड्याच्याच द्याव्यात. एवढी अट राज्याने घातली तर त्यात काय चुकलं?

मेघना
मग मूल असलेल्या आईलाच चारपट खेटे पडतील, दादा. कुणाला किती द्यायच्या हे तिला ओळखणाऱ्या डॉक्टरला ठरवू द्या. राज्याला घालायचीच असेल तर मेथाडोन केंद्राने कुलूपबंद पेटी फुकट द्यावी ही अट घालावी.