सल्ला हवा आहे: ज्वालामुखी अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी देणगी

बाबा म्हापशात भूगोल शिकवायचे. २०१७च्या जानेवारीत दोनापावलाच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी अंदमानातल्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी राख ओकताना पाहिला, ती बातमी त्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती! भारतातला तो एकच जागृत ज्वालामुखी, दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून १९९१ मध्ये पुन्हा उसळलेला.

आता त्यांच्या नावाने पीएचडीच्या एखाद्या विद्यार्थ्याला मदत करायची आहे. फेलोशिपमध्ये पोट भरतं, पण प्रवास, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला दगडांचे पातळ काप, रासायनिक तपासणी यांना पैसे लागतातच. आमच्याकडे दोन लाख आहेत. मुद्दल ठेवून व्याज द्यावं, की एकालाच सगळं? मला दुसरं पटतं. व्याजात तपासण्या कितीशा होणार? विद्यापीठाला असा निधी कुणी दिलाय का? पैसे याच विषयावर खर्चावेत, अशी अट घालता येते का?