माळावर चर काढून झाडं लावणार आहेत, मेंढरं कुठे न्यायची?

सुप्याकडची:
मी हडपसरला नोकरी करते, पण घर मेंढरांवर चालतं. गाव बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसोबत फिरणारी आमची घरं, घाट उतरून कोकणात जातो, पावसाच्या तोंडावर परत येतो. पावसाळ्यात सगळी भिस्त गावच्या माळावर. आता एका कंपनीच्या पैशातून तिथे जेसीबीने चर काढून गिरिपुष्प लावायचं घाटतंय, भोवती तारेचं कुंपण. कारण काय, तर जमीन पडीक आहे! पाऊस बरा झाला की पवना नि मारवेल ही चाऱ्याची गवतं गुडघ्याला लागतात तिथे. वडील म्हणतात, झाडाशी आपलं वैर नाही, पण माळ झाडाचा नाही. ग्रामसभेत आमच्याकडे कागद मागतील. कुठून सुरुवात करू?

माळकरी:
ताई, आधी त्या गटाचा सातबारा काढा. सगळं त्यावर ठरतं. 'गुरचरण' लागलं असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २२ वाचा; चराईसाठी राखलेली जमीन त्यात येते. जमीन वनखात्याची असेल तर वनहक्क कायदा, २००६. त्याच्या कलम ३ मध्ये भटक्या पशुपालकांचा चराईचा हक्क स्पष्ट लिहिलाय, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं. धनगर आपल्याकडे अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं, तिथलं वास्तव्य दाखवावं लागतं. कागद नाही म्हणून घाबरू नका. म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब पुरावा धरतात. सोबत जुनी चराईची जागा, पाणवठा, देवाचं झाड यांची नोंद जोडा, कारण एकाच पुराव्यावर भागत नाही. आणि पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असतानाच करायची, असं याच वनहक्क कायद्याच्या नियमांतला नियम १२ सांगतो. वाडा कोकणात असताना पंचनामा उरकू देऊ नका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच विषय लावून घ्या.

शिरूरचा शेतकरी:
माझ्या कांद्याच्या रानात दरवर्षी मेंढरं बसवतो. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून रात्रभर बसली की लेंडी नि मूत जागच्या जागी मुरतं. धनगराला धान्य नाहीतर रोख देतो, रासायनिक खताच्या गोण्या कमी लागतात. माळ गेला तर वाडे मोडणार, मग हे खत कुठून आणायचं? तुमच्या गावचे बागायतदारही मेंढरं बसवत असतीलच, त्यांना सभेला घेऊन जा. नुसते मेंढपाळ बोलले की गाव ऐकत नाही, हे कडू असलं तरी खरं आहे.

सुप्याकडची:
फार आधार वाटला. पण माळाची काही बाजू खरंच उघडी पडलीय, कुसळी हे हलकं गवतच उरलंय. 'मग तुम्हीच सांगा काय करायचं' म्हणाले तर?

माळकरी:
तर सांगा, माळ आम्ही राखतो. एक तुकडा पाऊस सुरू झाल्यापासून बी झडेपर्यंत बंद ठेवायचा, पुढच्या वर्षी दुसरा. कुठला तुकडा, हे वाड्यातल्या जाणत्यांनी ठरवायचं. चांगल्या जागेवरचं पवना-मारवेलचं बी पिकल्यावर हाताने ओरबाडून ठेवा आणि पावसाआधी उघड्या जागी फेका. चर मात्र नको. तिथे मुरमावर वीतभर माती असते, ती उलटली की गवताचे जुने बुंधे जातात, वर झाडांनी सावली धरली की उरलंसुरलं संपतं. चिंकारा नि लांडगाही त्याच गवतावर टिकलेत. मयूरेश्वर अभयारण्य तुमच्याच सुप्याला आहे, गावाला दाखवायला लांब जायला नको. वडिलांना सभेत स्वतः बोलू द्या. कुठलं गवत कधी फुटतं हे त्यांच्याइतकं नेमकं कंपनीच्या माणसाला सांगता येणार नाही.