मतं फुटतीलच असं नाही

एकाच म्युझिकलचे (संगीत नाटकाचे) तिघे पुरस्काराच्या एका गटात आले की मतं फुटतात आणि बाहेरचा बाजी मारतो, हे गणित मला पटत नाही. २०१६च्या टोनीत, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यपुरस्कारांत, सहायक अभिनेत्याच्या गटात ‘हॅमिल्टन’ या म्युझिकलचे तिघे होते: डिग्ज, ग्रॉफ, जॅक्सन. जिंकला डेव्हीड डिग्जच. पहिल्या अंकात त्याच्या फ्रेंच सेनानी लाफायेतचं सुसाट रॅप, दुसऱ्यात त्याचाच मिरवत येणारा अमेरिकन नेता जेफरसन; एका तिकिटात दोन माणसं. ग्रॉफचा इंग्लंडचा राजा धमाल, पण स्टेजवर जेमतेम काही मिनिटं.

मुख्य अभिनेत्यात तर ‘हॅमिल्टन’च्याच लेस्ली ओडम ज्युनियरने खुद्द लेखक-संगीतकार मिरांडालाच मागे टाकलं. उलट मुख्य अभिनेत्रीच्या गटात ‘हॅमिल्टन’च्या फिलिपा सूसमोर घरचं दुसरं कोणी नव्हतं, तरी ‘द कलर पर्पल’ची सिंथिया एरिव्हो जिंकली.