मदत हवी आहे: मुलाचा चौथा वाढदिवस घरीच, फुलराणी थीम (पुणे)

चिमणचारा
नमस्कार मंडळी. ऑगस्टमधल्या एका रविवारी मुलाचा चौथा वाढदिवस घरीच करायचा आहे. त्याला पेशवे पार्कातल्या फुलराणीचं, म्हणजे तिथल्या छोट्या आगगाडीचं, वेड आहे, त्यामुळे थीम आगगाडीची. कोथरूडला टू बीएचके, दुसरा मजला, हॉल १६ बाय ११ फूट आणि त्यात न हलणारा सोफा. मुलं १२, वयं तीन ते सहा. मोठी माणसं १४. इव्हेंटवाले नको आहेत, सजावटीला पाचएक हजारांहून जास्त खर्च नको. मुलांना नुसतं बघायला नाही, बसायला गाडी हवी. ती कशाची आणि कशी करावी? केक घरी जमेल का? पाऊस असल्याने गच्ची वापरता येईल असं वाटत नाही. अजून एक, सासूबाईंना मेणबत्त्या फुंकून विझवणं पटत नाही आणि त्यांचं मन मोडायचं नाहीये.

शनिपार
गच्चीचा बेत सोडाच. मांडव घातला तरी ऑगस्टमध्ये तिरपा पाऊस येतो आणि ओल्या फरशीवर मुलं घसरतात.

सजावटीचं सांगते. चार वर्षांची मुलं भिंतीकडे दोन मिनिटंही बघत नाहीत, त्यांना हाताने काहीतरी करायचं असतं. म्हणून पैसे आणि कष्ट गाडीवर घाला, भिंत एकच सजवा. सोफा तसाच राहू द्या, तो 'प्रतीक्षालय'. त्यावर आजी-आजोबांना बसवा आणि मागे स्टेशनची पाटी लावा. पिवळं कार्डशीट घ्या, पूर्ण शीट २२ बाय २८ इंचांचं मिळतं, त्यावर काळी जाड अक्षरं. खऱ्या पाट्यांवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिथे मुलाची उंची लिहा, 'उंची १०२ सें.मी.' असं. मोठ्यांना गंमत वाटेल आणि मुलगा पाटीला पाठ लावून मोजायला उभा राहील. फोटो तिथेच काढा.

क्रेप कागद आणि पतंगी कागद या दिवसांत नको. हवेतल्या ओलीने माळा लोंबतात, आणि ओला हात लागला की रंग भिंतीला उतरतो. कार्डशीटच्या पताका आणि सुती दोरा वापरा. चिकटवायला कागदी मास्किंग टेप. दुहेरी फोमची टेप काढताना रंगाचा पापुद्रा घेऊनच निघते. थर्माकोलची सजावट महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहे, कुणी देऊ केलं तरी घेऊ नका.

फुगे दहा पुरे, तेही उंच बांधलेले. तीन वर्षांची मुलं असणार, फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात जाऊन घशात अडकतो. फुटला की तुकडे लगेच वेचायचे, हे काम एका मोठ्या माणसाला आधीच नेमून द्या.

कार्डशीट, घोटीव कागद अप्पा बळवंत चौकात; झेंड्यांच्या काड्या, कागदी ताटल्या, पिशव्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत डझनाने स्वस्त पडतात. गणपतीची खरेदी सुरू झाली की रविवार पेठेत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आधीच्या आठवड्यात मधल्या वारी सकाळी जा. गाडी लांब लावून चालत जाणं बरं.

कातरकाम
गाडीबद्दल. खोक्यात मुलं बसवून ओढायचा विचार असेल तर करू नका. पुठ्ठ्याचा तळ फरशीवर घासून दहा मिनिटांत फाटतो आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. पट्ट्यांनी खांद्यावर अडकवून अंगात घालायचे डबे करा.

किराणा दुकानातून तेलाच्या पिशव्यांची किंवा बिस्किटांची खोकी मागून आणा. साधारण १६ बाय १२ इंच, उंची ९-१० इंच. यापेक्षा उंच असेल तर गुडघे आपटतात आणि मूल पडतं. तळ पूर्ण कापा. वरच्या झडपा कापून टाकू नका, आत दुमडून चिकटवा, त्याने वरची कड दुहेरी होते आणि पट्टा फाडून निघत नाही. १२ मुलांना १२ डबे लागत नाहीत. सहा करा: एक इंजिन, चार डबे, एक गार्डचा डबा. सहा मुलं गाडीत आणि सहा स्टेशनवर, मग अदलाबदल. त्या हॉलमध्ये एका वेळी बारा खोकी फिरणारच नाहीत.

पट्ट्याला इंचभर रुंदीची सुती नाडी, प्रत्येकी ८५-९० सें.मी., दोन. पाठीवर फुलीसारख्या आडव्या घ्या, सरळ घेतल्या तर लहान खांद्यावरून घसरतात. भोक पाडायच्या आधी त्या जागी आतून-बाहेरून ब्राऊन टेप लावा, मग भोक पाडा. उलट क्रमाने केलंत तर भोकापासून पुठ्ठा चिरत जातो.

रंगाची घाई करू नका. पातळ पोस्टर कलर एकाच बाजूने दिला की पुठ्ठा त्या बाजूला वाकतो आणि पावसाळ्यात सरळ होतच नाही. घोटीव कागद चिकटवणं सोपं. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी, ब्रशने पातळ थर, आणि सुक्या फडक्याने मधून कडेकडे दाबत जायचं म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. खळ नको, दमट हवेत तिला बुरशी धरते. तयार डबे जमिनीवर ठेवू नका, कपाटावर किंवा पलंगावर ठेवा.

चाकांना ७ इंची कागदी ताटल्या. पितळी पिनने लावल्या तर आतली टोकं मुलांच्या मांडीला बोचतात, त्यावर टेप हवीच. नुसत्या चिकटवल्या तरी चालतील, चाक फिरतंय की नाही याकडे कुणाचं लक्ष नसतं. इंजिनाच्या धुराड्यासाठी पुठ्ठा गोल वळवताना त्यातल्या नळ्या उभ्या राहतील असा कापा. आडव्या राहिल्या तर गोल न होता कोपरे पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं: डबे एकमेकांना दोरीने बांधू नका. एक मूल अडखळलं की सगळी ओढली जातात. प्रत्येक डब्याच्या मागे कापडी कडी लावा, मागच्याने ती हाताने धरायची. पडलं तर हात सुटतो.

पोळपाट
केक घरी जमतो, आणि आगगाडीचा तर गोल केकपेक्षा सोपा, कारण सगळे तुकडे चौकोनी.

अंड्याशिवायचा करायचा तर एका लोफ टिनला: दीड कप मैदा, पाऊण कप पिठीसाखर, एक कप ताजं घट्ट दही, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, व्हॅनिला. दह्यात साखर विरघळवा, बेकिंग पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं थांबा, फसफसलं की तेल आणि चाळलेला मैदा. पीठ फार घोटू नका आणि ठेवून देऊ नका, लगेच आधीच तापलेल्या १८०च्या ओव्हनमध्ये. लोफ खोल असतो, ४० ते ४५ मिनिटं लागतात. अर्ध्या तासाच्या आत दार उघडलं की मधोमध खड्डा पडतो. असे दोन लोफ.

हे शनिवारी सकाळी करा. गार झाल्यावर गुंडाळून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग कापा, म्हणजे भुगा सुटत नाही. एका लोफचे तीन डबे. दुसऱ्याचा दोन-तृतीयांश भाग इंजिनाचा पाया आणि उरलेला तुकडा मागे उभा करून ड्रायव्हरची खोली. पुढचं गोल बॉयलर म्हणजे बेकरीतला तयार स्विस रोल. क्रीमचा पहिला थर अगदी पातळ द्या, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग वरचा थर. काळा रंग क्रीममध्ये कालवू नका, ओततच राहावा लागतो आणि सगळ्यांच्या जिभा काळ्या होतात. इंजिनासाठी कोको घाला.

इथे बहुतेकांचं गणित चुकतं ते असं: सगळी गाडी मांडली की जवळपास २२ इंच होते आणि घरातल्या फ्रिजमध्ये मावत नाही. म्हणून प्रत्येक डबा वेगळ्या पुठ्ठ्यावर, आणि जोडणी टेबलावर. क्रीमच्या बिस्किटांची चाकं अगदी शेवटच्या अर्ध्या तासात लावा, आधी लावलीत तर मऊ पडून गळतात.

सासूबाईंचा मुद्दा मला पटतो. आधी त्यांच्या हातून नीट औक्षण होऊ द्या, निरांजन देवापुढे ठेवा. मेणबत्त्यांच्या जागी इंजिन आणि तीन डब्यांवर मिळून चार छोटे हिरवे झेंडे टोचा. मुलाने हातातला झेंडा दाखवला की सगळ्यांनी 'कूऽऽक' करायचं आणि केक कापायचा.

खाण्यात मुलांना छोट्या इडल्या प्रत्येकी सहा, काकडीच्या चकत्या, केळ्याचे काप. पॉपकॉर्न, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं ठेवू नका, या वयात अडकतात. स्टेशन म्हणून शेंगदाण्याची चिक्की वाटायची हौस होईल, त्याऐवजी राजगिऱ्याची मऊ वडी द्या. दाणे, दूध वगैरे कुणाला चालत नाही का, हे निमंत्रणातच विचारा. मोठ्यांना पावभाजी: १४ जणांना सात लाद्या पाव, सव्वा किलो बटाटे, एक किलो टोमॅटो, अर्धा किलो फ्लॉवर, अर्धा किलो कांदे, पाव-पाव किलो मटार आणि ढोबळी, लोणी ३०० ग्रॅम. भाजी दुपारीच करून ठेवा, पाव मात्र आयत्या वेळी.

डबा क्रमांक ७
फुलराणी १९५६ सालची, पुण्यातल्या किती पिढ्या तिच्यात बसल्या. पण ती फेरी मारून निघाली तिथेच येते. घरातल्या खेळाला मधली स्टेशनं हवीत, नाहीतर दुसऱ्या फेरीला मुलं कंटाळतात. मार्ग पुणे ते कर्जत ठेवा. शिवाजीनगर (दिवाणखान्याचं दार): सिग्नलचा खेळ, हिरवा झेंडा असला की चालायचं, लाल दिसला की पुतळा. लोणावळा (स्वयंपाकघर): राजगिऱ्याची वडी. खंडाळ्याचा बोगदा म्हणजे जेवणाचं टेबल आणि त्यावर गडद चादर. डबे बाहेर काढून ठेवून रांगत जायचं, दोन्ही तोंडं उघडी ठेवायची, आत एक छोटा टॉर्च, कारण अंधाराला घाबरणारं एखादं मूल असतंच. मग मंकी हिल! हे घाटात खरोखरचं ठिकाण आहे. तिथे सगळ्यांनी माकडउड्या मारायच्या, खाली गादी घालून. एका स्टेशनला पाच मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही.

तिकिटं जाड पुठ्ठ्याची करा. जुनी रेल्वेची तिकिटं जेमतेम ५.७ बाय ३ सें.मी. असायची, लहान बोटांतून ती हरवतील, म्हणून दुप्पट, ११ बाय ६. एका कार्डशीटमधून पन्नासच्या वर निघतात. वर मुलाचं नाव आणि 'पुणे ते कर्जत'. दारात एका काका-मामाला काळी टोपी घालून बसवा आणि कागदाचं एक-भोकी पंच हातात द्या. तिकिटाला भोक पडतानाचा तो टक् आवाज आणि खाली पडणारी गोल टिकली, यासाठी मुलं पुन्हा रांगेत येतात. तिकिटं दोन-तीन जास्त करून ठेवा.

शिट्टी एकच, गार्डकडे. बारा शिट्ट्या वाटल्यात तर खालच्या मजल्यावरचे वर येतील. परतभेट म्हणून झेंड्यांची जोडी आणि खडूची पेटी पुरे. चमकणारी, आवाज करणारी स्वस्त खेळणी नकोत, त्यातल्या बटणासारख्या बॅटऱ्या गिळल्या गेल्या तर जिवावर बेततं.

वेळ ५ ते ७. पहिली वीस मिनिटं तिकीट आणि खडूने आपापला झेंडा रंगवणं, कारण सगळे एकदम येत नाहीत. साडेपाचला गाडी, सहाला औक्षण आणि केक, लगेच खाणं. केक सातला नेलात तर मुलगा झोपेला आलेला असेल. आधीच्या आठवड्यात कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम दाखवून आणा, झेंडे, सिग्नल, बोगदे त्याच्या डोळ्यांसमोर राहतील.

चिमणचारा
किती बारकाईने लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. खोकी मागून ठेवली आहेत. सासूबाईंना झेंड्यांची कल्पना फार आवडली. एकच शंका: इंजिन सगळ्यांनाच व्हायचं असणार. वाढदिवसाचा मुलगा तर ते सोडणारच नाही. काय करायचं?

डबा क्रमांक ७
इंजिनं वाढवा. कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. परतीचा प्रवास चढाचा. कर्जतला जाहीर करायचं, 'घाट आला, जोर कमी पडतोय, मागे बँकर हवेत!' पुठ्ठ्याची दोन-तीन धुराडी जास्तीची करून ठेवा, इलॅस्टिक लावून टोपीसारखी डोक्यावर चढवता येतील अशी. रडवेलं झालेलं मूल तिथे लावायचं. पुढच्या डब्याला धक्का द्यायचा नाही, नुसतं 'हुश्श हुश्श' करायचं, हे मात्र दोनदा बजावा.

कातरकाम
इलॅस्टिक अर्धा इंच रुंद घ्या, बारीक दोऱ्याचं हनुवटीखाली काचतं. लांबी ३० सें.मी., टोकांना गाठ मारून मग स्टेपल, आणि पिनांवर टेप.