विमानाला शिंगं फुटण्याबद्दल
‘स्टेल्थ’ (२००५) या सिनेमात विमानवाहू नौकेवरच्या बिनवैमानिकाच्या लढाऊ जेटवर वीज पडते आणि ते बंड करून उठतं. वीज पडली आणि विमानाला शिंगं फुटली, तिथेच सिनेमा हातातून गेला, असं कुणी म्हणालं तर ते मान्य. विमानांवर विजा पडतातच. बहुधा बाहेरच्या कवचावरून प्रवाह निघून जातो. पण विमानवाहू नौकेवरचं बिनवैमानिकाचं जेट ही कल्पना मात्र अगदीच हवेतली नव्हती.

१० जुलै २०१३ला अमेरिकी नौदलाचं एक्स-४७बी हे प्रायोगिक बिनवैमानिकाचं जेट ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’ या विमानवाहू नौकेवर दोनदा आपलं आपण उतरलं. पुढच्या खेपेला त्याच्या एका संगणकात गडबड झाली. ती त्यानंच हेरली आणि मुकाट किनाऱ्यावरच्या वॉलॉप्स बेटाच्या धावपट्टीवर जाऊन उतरलं. बंड नाही, काही नाही. सरकारी बाबूसारखं नियमावर बोट! (यावर थरारपट कोण काढणार म्हणा.)