पेटी उघडली, दोनशे गोल्ड मिळाले, पुढे चला... हा प्रकार आता बंद करा

पेटारेवाला:
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा गेम) चालवणाऱ्या सगळ्यांना, म्हणजे डीएम लोकांना विचारतोय, डंजनमधल्या (खेळातल्या भुयार-तळघरांतल्या) पेट्यांच्या बाबतीत आपण एवढा आळस का करतो? राक्षसाला नाव देतो, दारावर कोडं घालतो, नकाशा काढायला रात्र जागवतो आणि पेटीची वेळ आली की पुस्तकातलं मालाच्या यादीचं टेबल उघडून वाचायचं, "दोनशे सोन्याची नाणी, एक हीलिंग पोशन". प्लेयर लिहून घेतात, पुढे सरकतात. अरे पण ती पेटी तिथे आली कुठून, गॉब्लिनांनी सुताराला ऑर्डर दिली होती का?

माझं म्हणणं, पेटी कुणाची, इथेच का ठेवली आणि मालक स्वतः ती कशी उघडायचा एवढं तरी डीएमला माहीत पाहिजे. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ट्रॅप तिथूनच निघतो. मालक काय दरवेळी विषारी सुई टोचून घेत नसणार, त्याची काहीतरी युक्ती असणार, आणि ती शोधायला जागा ठेवली की झाला खेळ सुरू.

मी सध्या वापरतोय ती पेटी सांगतो. पाण्याखाली गेलेल्या एका देवळाची आहे, सागवानी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, समोर शेजारी शेजारी तीन कोयंडे, तीन कुलपं, झाकणाच्या फटीवर लाखेचं सील. तीन पंचांकडे तीन किल्ल्या, तिघं हजर असल्याशिवाय उघडायची नाही असा नियम. एक पंच मेलाय, त्याची किल्ली सांगाड्याच्या गळ्यात. दुसरा जिवंत आहे, गावात मान राखून आहे आणि त्याला हा विषयच नकोय. तिसऱ्याने किल्ली कधीच विकून खाल्ली. आमची पार्टी (प्लेयरांची टोळी) अजून पेटी न उघडता तिच्याभोवतीच फिरतेय आणि कुणालाही कंटाळा आलेला नाही.

वीसपैकी_एक:
तुझ्या टेबलावर वेळ आहे भाऊ, माझ्या नाही. माझ्याकडे एकजण सातपूरहून येतो, एक अंबडची शिफ्ट संपवून, एकीला नाशिकरोडला परत जायचं असतं, मिळून तीन तास हातात. त्यात अर्धा तास चहा आणि कोण कुठे अडकलंय यात जातो. आता त्यात मी एका लाकडी खोक्याचा खानदानी इतिहास सांगत बसू?

आणि सगळ्याच पेट्या खास केल्या की खास कुठलीच राहत नाही. डंजनमध्ये वीस खोल्या असतील तर अठरा पेट्या साध्याच हव्यात, म्हणजे एकोणिसावी दिसल्यावर लोक सावरून बसतात. तेवढ्यासाठी मालाच्या यादीचं टेबल आहे ना, वापरा की.

अजून एक. 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसनने गेम काढला तेव्हा मिळालेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण, त्यावर कॅरेक्टरची लेव्हल वाढते) असा हिशोब होता. पेटी म्हणजेच स्कोर. माणसं लढाई टाळायची आणि पेटी शोधायची. आता एक्सपी राक्षसांवर नाहीतर माइलस्टोनवर (गोष्टीतला टप्पा गाठला की) मिळतो, मग पेटीचं काम उरलं काय, शाबासकी. ती पटकन द्यावी आणि मोकळं व्हावं.

सिन्नरी:
दोघंही पेटीवर भांडताय, आतल्या मालाकडे कुणी बघेना.

आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं घ्या. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला 1906 साली नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचं डबोलं सापडलं, तेरा हजारांच्या वर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नवीन नाणी पाडली नाहीत, हरलेल्या राजाच्या तोंडावरच डोंगर नाहीतर उज्जैनी चिन्ह (चार टोकांना गोल असलेली फुली) ठसठशीत मारून दिलं, आणि खाली नहपानाचं नाक, कपाळ, कडेची अक्षरं अर्धी अर्धी दिसत राहतात. अशी क्षत्रपांची नाणी जवळून बघायची असतील तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघून या, अर्ध्या तासाचा रस्ता आहे.

आता हेच डंजनमध्ये टाका. पेटी कसलीही असू दे, मडकं असलं तरी चालेल. "चांदीची नाणी, प्रत्येकावर दोन राजे" एवढं एकच वाक्य. युद्ध झालं, कोण जिंकलं, आणि ज्याने पुरलं तो छाप मारल्यानंतरचा माणूस आहे, सगळं कळलं. आणि काही नाणी बिनछापाची का राहिली? पुढचं अख्खं कॅम्पेन त्यावर निघेल. याला तीन तास लागत नाहीत.

वीसपैकी_एक:
उदाहरण झकास, पण तू माझे प्लेयर बघितलेले नाहीत. मी म्हणणार "प्रत्येकावर दोन राजे" आणि पलीकडून येणार "टोटल किती? गोल्डमध्ये किती होतात? पाचात भागून सांग".

गोदाकाठची:
@वीसपैकी_एक मग भागू दे ना त्यांना, आणि उचलू पण दे! वजन कोणी धरतच नाही हाच खरा घोळ आहे. 2014 च्या नियमात पन्नास नाण्यांचा एक पौंड आणि एका पेटीत तीनशे पौंड मावतात. म्हणजे सिन्नरीचं तेरा हजारांचं डबोलं 260 पौंड झालं, एका पेटीत बसलं पण सव्वाशे किलोच्या आसपास. खरी क्षत्रप नाणी दोन-सव्वादोन ग्रॅमची असायची म्हणून ती तीसेक किलोत आटपली असती, ते सोडा. आणि जुन्या नियमात दहा नाण्यांचा एक पौंड, त्याने केलं तर बैलगाडी मागवावी लागेल.

मला तर पेटी मिळाल्यानंतरचा खेळ जास्त आवडतो. 1670 मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परत येत होते तेव्हा वणी-दिंडोरीला दाऊदखान आडवा आला. लुटीचा माल पुढे काढून द्यायचा आणि मागे मुघल फौज थोपवायची, खरी परीक्षा तिथे होती. आपल्या गेममध्ये मात्र पेटी उघडली की अडीचशे पौंड चांदी कॅरेक्टर शीटवर उडी मारून बसते.

मी एक केलं होतं ते सांगते. नदीकाठचं तळघर, मध्ये दगडी मूर्ती, पेटी मूर्तीच्या मागे, खाली साखळीने जखडलेली. बाहेर पाऊस. आपल्याकडे गोदेला पूर आला की सगळं गाव एकच विचारतं ना, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं? तसंच. प्रत्येक फेरीला मी फक्त मूर्तीचं सांगायचे, घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. पहिल्या दोनदा कुणी लक्ष दिलं नाही, कमरेला म्हटल्यावर सगळे उठून उभे राहिले. पेटी साधीच होती, कुलूप पण साधं. साखळी तोडायची, की पेटी फोडून मिळेल तेवढं उपसायचं, की सोडून पळायचं, यावर टेबलावर जी हाणामारी झाली ती कुठल्या ट्रॅपने झाली नसती.

जुनाजाणता:
गोदाकाठची, हे आवडलं. जुन्या नियमात हेच व्हायचं, दहा मिनिटांचा एक टर्न, सहा टर्नमध्ये मशाल संपली, आणि अधूनमधून भटका राक्षस येतो का त्याचा फासा. पेटीवर घालवलेल्या वेळेला किंमत होती. ती काढून टाकली आणि मग पेट्या कंटाळवाण्या झाल्या म्हणून रडतोय आपण.

पण माझा मुद्दा वेगळा आहे, हौशी डीएम लोकांचा. "इंटरेस्टिंग पेटी" म्हटलं की यांना दोनच गोष्टी सुचतात, मिमिक (पेटीचं सोंग घेऊन बसलेला राक्षस) आणि विषारी वायू. मिमिक 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून आहे, आता शाळेतल्या पोरांना पण माहितीये. आणि ज्या दिवशी तुम्ही खुणा न देता मिमिक सोडता त्या दिवसापासून पार्टी प्रत्येक पेटीला, स्टुलाला, दाराला लांबून भाला टोचून बघते, प्रत्येक खोलीत तेच, सेशन मेलं. खूण द्या ना. धुळीत पेटीच्या आधीच्या जागेचा चौकोन दिसतोय, म्हणजे ती सरकलीये. कडेला उंदराची शेपटी चिकटलीये, कारण मिमिकला माणूस काय, सगळंच चिकटतं. बघणाऱ्याला कळलं पाहिजे आणि न बघणाऱ्याला नंतर स्वतःच्या कपाळावर हात मारता आला पाहिजे.

नवी_डीएम:
मी भाचरांना घेऊन खेळते, सगळी दहा-बारा वर्षांची, आणि मला हे सगळं वाचून जरा टेन्शनच आलं. त्यांना पेटी उघडायचाच आनंद असतो हो. एक बाटली निघाली तरी "काकू हे प्यायल्यावर काय होतं" वर दहा मिनिटं. वास काय येतो, रंग काय, हलवली तर बुडबुडे येतात का. तुम्ही मोठी माणसं गोल्ड देऊन देऊन बोअर झालात, त्यात बिचाऱ्या पेटीची काय चूक? माझा अनुभव सांगते, आकडा सांगितला की विसरतात, वस्तू सांगितली की सहा महिने लक्षात ठेवतात. एकाने अजून शिंगाचा कंगवा सांभाळून ठेवलाय, त्याला काहीही जादू नाहीये आणि मी त्याला ते सांगणार पण नाहीये.

पेटारेवाला:
@नवी_डीएम तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, तुम्हाला वाटत नसलं तरी.

@वीसपैकी_एक अठरा साध्या पेट्या कशाला हव्यात पण? त्या ठेवूच नको ना. वीस खोल्यांत तीन पेट्या ठेव, तुझा वेळ पण वाचेल. आणि माल म्हणजे नाणीच हे कुणी सांगितलं? पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे (धंद्याच्या संघांकडे) कायमची ठेव म्हणून ठेवले, दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खायचं, आणि दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला (पावसाळ्यात) राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा. दोन हजारांचं वर्षाचं व्याज 240, वीस गुणिले बारा 240, हिशोब चोख.

आता पेटी उघडली आणि आत एक नाणं नाही, नुसता असा ताम्रपट. पार्टी म्हणणार डोंगर पोखरून उंदीर निघाला. पण त्या शहरात ती विणकरांची श्रेणी अजून धंदा करतेय, शंभर वर्षांचं व्याज थकलंय, आणि श्रेणीचा प्रमुख काय हसत हसत देणार नाही. ही पेटी मला दोनशे गोल्डपेक्षा केव्हाही चालेल.

वीसपैकी_एक:
माझे लोक तो ताम्रपट भांडी बाजारात नेऊन मोडीच्या भावात घालतील आणि वर वजनात मारलं म्हणून दुकानदाराशी भांडतील. लिहून देतो.

तीन पेट्यांचं मात्र पटलं. पण मग त्या तीन तरी झटपट उघडू देत, तीन किल्ल्यांचं लफडं नको.

कुलूपतोड्या:
मी डीएम नाही, प्लेयर आहे, थीफ खेळतो, आणि पेटारेवाल्याच्याच टेबलावर आहे म्हणून गप्प होतो. पण आता बोलतो. तीन किल्ल्या, तीन पंच, सगळं छान आहे, मग मी लेव्हल एकपासून कुलपं उघडायच्या स्किलवर जे पॉइंट घातले त्यांचं काय लोणचं घालू? जी पेटी डीएमला भारी करायची असते तिचं कुलूप नेमकं "जादूचं" निघतं, "हे असं उघडणार नाही". म्हणजे गॉब्लिनाच्या फालतू पेटीवर मी हिरो आणि खऱ्या पेटीपुढे हात बांधून उभा. तुमच्या सगळ्या डिझाइनच्या गप्पांत एका कॅरेक्टरचं अख्खं काम काढून घेतलं जातं, आणि हे कुणालाच दिसत नाही कारण इथे सगळे डीएमच बोलताहेत.

जुनाजाणता:
शंभर टक्के बरोबर. कोडं घालायचं असेल तर कुलपात घालू नका, उघडल्यानंतर काय होतं त्यात घाला.

पेटारेवाला:
अरे पण उघडणार नाही असं म्हटलंय कधी मी? तिन्ही साधी लोखंडी कुलपं आहेत, तू एकदाही हात लावला नाहीस, तुम्ही सगळे सरळ सांगाड्याकडे पळालात. तू उघडशील, तिन्ही उघडशील. प्रश्न लाखेच्या सीलचा आहे. ते तुटलं की तिघांशिवाय कुणीतरी उघडली हे दुसऱ्याच दिवशी कळणार, आणि तो जिवंत पंच जो आत्ता "मला काही माहीत नाही" म्हणतोय तो सगळ्यात आधी कोतवालाकडे जाणार, कारण आत त्याच्याच सहीचा कागद आहे. बघ, आता एवढं मीच फोडलं.

कुलूपतोड्या:
सहीचा कागद!! बरं. माझ्याकडे फोर्जरी किट (खोट्या सह्या-शिक्के करायचं सामान) आहे, दुसऱ्या सेशनला घेतलं तेव्हा सगळे हसले होते. सांगाड्याच्या बोटात अंगठी आहे असं तूच म्हणाला होतास, त्यावर पंचाचा शिक्का असेल तर कुलपं उघडतो, कागद काढतो, लाख वितळवून पुन्हा तोच शिक्का मारतो. आणि कागद आपल्याकडे आहे हे पंचाला आपणच हळूच सांगायचं.

पेटारेवाला:
शिक्का आहे. पण लाख वितळवायला दिवा लावावा लागेल आणि खालच्या पाण्यात जे आहे त्याला उजेड दिसतो. शनिवारी सहाला, उशीर नको.